रिलीजची उपकारस्तुती

क्लबनं मला रिलीज केलं, ही बातमी मी घरी फोनवर दिली तेव्हा पप्पा दुधाचा टँकर चालवत होते. मागं इंजिनाचा आवाज, मध्येच कुणाचा तरी हॉर्न.

"पप्पा, मला रिलीज केलं."

"काय केलं?"

"रिलीज. क्लबनं रिलीज केलं मला."

पप्पा म्हणाले, "बेस झालं की! ये घरी." तेवढ्यात रेंज गेली.

मडगावच्या बसस्टँडवर बॅगेवर बसून मी रडलो. दोन दिवस रडू धरून ठेवलं होतं, ते पप्पांच्या त्या 'बेस झालं'नं सुटलं. पोराला शाळेतून काढून खेळायला धाडलं, पोरगं काढून टाकल्यावर परत येतंय, आणि बाप म्हणतो ये घरी. एका शब्दानं टोचत नाही. मी बस लागेपर्यंत मनातल्या मनात देवाचे आभार मानत बसलो होतो.

फुटबॉलमध्ये रिलीज म्हणजे क्लबनं करार मोडून खेळाडूला मोकळं करणं. साध्या मराठीत, काढून टाकणं. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात हे कुणालाच माहीत नव्हतं. एक माणूस सोडून.

तो माणूस म्हणजे दादा. माझा सख्खा नाही, नात्यातलाही नाही. आमच्या मिशन कंपाउंडमधली सगळी लहानथोर माणसं त्यांना दादाच म्हणतात. तरुणपणी ते पुण्यात एका सरकारी खात्याच्या संघाकडून खेळले, मग पाय अधू झाल्यावर गावी आले आणि चर्चमागच्या काळ्या रानात त्यांनी मैदान आखलं. उसाच्या जुन्या ट्रॉलीचे पाइप वाकवून गोलपोस्ट केले. उन्हाळ्यात त्या जमिनीला अशा भेगा पडायच्या की बॉल सरळ मारला तरी भलतीकडं जायचा. दादा म्हणायचे, "इथं जो बॉल ताब्यात ठेवील, त्याला कुठल्याबी ग्राउंडवर अडचन न्हाई."

मला स्ट्रायकर त्यांनी केलं. स्ट्रायकर म्हणजे पुढं राहून गोल करायचं काम ज्याचं, तो. माझा उजवा पाय बरा होता, डावा नुसता टेकायला. दादांनी काय केलं, माझ्या उजव्या पायात स्लीपर घालायला लावली आणि डाव्या पायात बूट. स्लीपरनं मारलं की स्लीपर बॉलच्या आधी गोलमध्ये. सगळे हसायचे. एकदा स्लीपर गोलकीपरनं अडवली आणि बॉल आत गेला, त्यावर गोल द्यायचा का नाही याची आठवडाभर भांडणं चालली. पण पावसाळा संपेस्तोवर माझा डावा पाय बोलायला लागला. हे उपकार मी आजही विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. पुढं जे झालं ते झालं, तरी डावा पाय त्यांनीच दिलाय.

नववीत असताना गोव्याच्या एका क्लबच्या निवड चाचणीला दादाच घेऊन गेले. क्लबनं ठेवून घेतलं. शाळा तिथंच संपली. पप्पा दिवसरात्र टँकरवर, संगमनेर ते पुणे, पुणे ते संगमनेर. आईला मोबाईलवर परक्या माणसाशी बोलायची भीती. म्हणून पालक म्हणून क्लबकडं दादांचा नंबर दिला. मी मोठा झालो, सीनियर संघात आलो, तरी माझ्याबद्दलचा प्रत्येक फोन दादांनाच जायचा. मला ते बरंच वाटायचं. इंग्रजीत कुणी भराभर बोललं की माझ्या हाताला घाम सुटतो. माझ्या वतीनं बोलणारं कुणीतरी आहे, एवढ्यावर मला झोप लागायची.

मग कोच बदलला. नव्या कोचनं आपला स्ट्रायकर आणला, परदेशी, माझ्यापेक्षा हातभर उंच. मी बाकावर बसायला लागलो. मोसम संपल्यावर मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मला कळलं, कारण आमच्याकडं चहा फक्त जाणाऱ्यालाच मिळायचा. माणूस मात्र चांगला होता. उठताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "केरळातला एक क्लब स्ट्रायकर शोधतोय. मी तुझं नाव टाकलंय. ते तुझ्या दादांना फोन करतील. तयार राहा."

म्हणजे मी अगदीच बुडालो नव्हतो. एक दोरी होती. फोन आला की मी लगेच निघणार होतो. नाही आला, तर मोसम सुरू होणार, संघ भरणार, आणि बाकावर बसलेल्या, वर काढून टाकलेल्या स्ट्रायकरला पुढच्या वर्षी कोण विचारतो? एक वर्ष घरी बसलेले कितीतरी चांगले खेळाडू मी पाहिलेत. ते परत आले नाहीत.

नगरहून मनमाडकडं जाणाऱ्या एसटीतून मी आमच्या फाट्यावर उतरलो. कोल्हार अजून पुढं होतं. खाली उतरलो आणि वर बघितलं तर मीच. विजेच्या खांबाला बांधलेला भला मोठा फ्लेक्स. माझा जर्सीतला फोटो, आणि माझ्या वर, माझ्या दुप्पट आकाराचा, गॉगल घातलेला दादांचा फोटो. मध्ये पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्या मातीतला स्ट्रायकर गोव्यात रिलीज! हार्दिक अभिनंदन!' खाली बारीक अक्षरांत, 'फुटबॉल अकॅडमी, प्रवेश सुरू.'

मी बॅग खाली ठेवली. पुन्हा वाचलं. आणि मग मला पप्पांचं 'बेस झालं' कळालं.

त्यांना वाटलं होतं पिक्चरसारखं. पिक्चर रिलीज होतो तसा पोरगा रिलीज झाला. इतकी वर्षं आत तयारी चालू होती, आता पडद्यावर आला.

रसवंतीवाल्यानं मला ओळखलं. "आरं, आमचा हिरो आला! कवा दिसनार टीव्हीवर?" मी म्हणालो, "बघू." त्यानं पैसे घेतले नाहीत. रसाचा ग्लास मी अर्धा ठेवूनच निघालो.

घरी आईनं ओवाळलं नाही, आमच्यात तसं नसतं. पण तिनं माझं डोकं छातीशी धरून प्रार्थना केली. "बापा, तू माझ्या लेकराला रिलीज केलंस," असं ती देवाला म्हणाली. शेजारच्या मावशी दारातून ओरडल्या, "आता हिरोइन कोन हाय ते बी सांग की रं!" सगळ्या बायका हसल्या. आईही हसली. तिला असं हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहत होतो. मी बॅग आत नेऊन ठेवली.

तसाच दादांकडं गेलो. ते मैदानावर चुन्यानं रेघा मारत होते. त्यांनी मला मिठी मारली, पाठ थोपटली.

"दादा, ह्यांना कायतरी भलतंच वाटतंय. रिलीज म्हंजे..."

"ठाव हाय मला रिलीज म्हंजे काय ते," दादा म्हणाले. "तुझ्या पप्पांनीच मला आनंदानं फोन केला. काय सांगू त्या मानसाला? तोंड झालं न्हाई माझं. फ्लेक्स पोरांनी लावला, मी कुनाकुनाला अडवू?"

"मग आता?"

"आता तू गप राह्य. रविवारी तुझ्या आईनं उपकारस्तुती ठिवलीय ना? तिथं मी नीट समजावून सांगतो सगळ्यांना. तुझ्या तोंडून आलं तर घाव बसंल."

किती मोठा आधार वाटला मला. "आणि केरळचा फोन आला का?"

"न्हाई रे. आला की सांगतोच."

त्या आठवड्यात मी हा प्रश्न रोज विचारला. सकाळी धावून आलो की विचारायचो, संध्याकाळी मैदानावर विचारायचो. दादा चिडत नसत. "लई घाई करतो तू. स्ट्रायकरनं असं भुकेलं दिसायचं न्हाई." नवीन पोरं येत होती, त्यांचे आईबाप येत होते, राहुरीहून, बाभळेश्वरहून. दादा मला पुढं करायचे. "हा बघा, आपला रिलीज झालेला." आईबाप माझ्याबरोबर फोटो काढायचे. मी दात दाखवायचो. मनात एकच, रविवारी दादा सांगतील आणि मी ह्यातून सुटेन.

उपकारस्तुती म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्या मंडळीत कुणाचं काही चांगलं झालं, नोकरी लागली, ऑपरेशन पार पडलं, विहिरीला पाणी लागलं, की घरचे लोक चर्चमध्ये सगळ्यांना बोलावून देवाचे आभार मानतात. गीतं होतात, पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, संदेश देतात, मग ज्याचं भलं झालं त्यानं उभं राहून आपल्या तोंडानं साक्ष द्यायची, देवानं माझ्यासाठी काय केलं ते. मग जेवण. साक्ष खोटी देत नाहीत. दारू पिऊन येणारासुद्धा तिथं उभा राहिला की खरं बोलतो.

पाळकसाहेब शिकलेले. त्यांनी रिलीजचा अर्थ काढला, मुक्तता. "बंधनातून मोकळं करणं म्हणजे रिलीज," ते म्हणाले, "देवानं आपल्या या तरुणाला मोकळं केलं आहे." मंडळी आमेन म्हणाली. मी मान खाली घातली. अख्ख्या गावात खऱ्याच्या सगळ्यात जवळ तेच पोचले होते, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

दुसरं गीत चालू झालं तेव्हा खिशात मोबाईल थरथरला. माझा गोव्यातला रूममेट, मणिपूरचा गोलकीपर. त्यालाही क्लबनं सोडलं होतं. मी बाहेर पाण्याच्या टाकीपाशी गेलो.

"तू किधर है?" तो हिंदीत ओरडत होता. "मी केरळात आलोय. चाचणी चालू आहे. तू का नाही आलास?"

"मला बोलावलंच नाही."

"बोलावलं! मी इथल्या कोचला विचारलं, आमचा स्ट्रायकर येणार होता ना? तो म्हणाला, त्याच्या गार्डियनला फोन केला, तो म्हणतो पोराचा गुडघा गेलाय, वर्षभर घरी बसणार. गुडघा कधी गेला तुझा?"

मी गुडघ्याकडं बघितलं. खरंच बघितलं.

"कोच म्हणतो अजून स्ट्रायकर मिळाला नाही," तो म्हणाला. "मी तुझे व्हिडिओ दाखवलेत. लगेच निघ. पोचलास तर एकदा बघतो म्हणालाय. उशीर केलास तर मला काही सांगता येणार नाही."

फोन ठेवला तेव्हा दादा दारातून येत होते. पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. "चल रं, साक्षीची येळ झाली. आधी मी बोलतो, मग तू."

"दादा, केरळचा फोन आला व्हता?"

त्यांनी आधी चर्चच्या खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कोन म्हनलं?"

"आला व्हता का न्हाई?"

"आल्ता," ते म्हणाले. "पन ऐक. तिकडं जाऊन काय करशील? वर्सभर बाकावर बसशील आनि परत रिलीज व्हशील. मी बी हेच केलंय आयुष्यभर. इथं तू कोच हाय. तुझ्या नावानं पोरं यायला लागल्यात. पयल्यांदा ह्या मैदानाला दिवस आल्यात."

"गुडघा गेला म्हणालात तुमी."

"मागं एकदा दुखला न्हवता का तुझा? खोटं काय बोललो मी?"

"रोज विचारलं मी तुम्हाला. रोज."

"तुझ्यासाठीच केलं रं, येड्या," असं म्हणून त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. पहिला गोल केला तेव्हा ठेवला होता, अगदी तसाच. राग आला असता तर बरं झालं असतं. मला नुसतं गार वाटलं. ह्या माणसाच्या तोंडून मी गेली सात-आठ वर्षं सगळ्यांशी बोलत होतो. त्यानं माझ्या नावानं आणखी काय काय सांगितलं असेल, कुणाकुणाला?

आत दादांनी साक्ष दिली. मला अजून आशा होती, बघा. वाटलं, निदान आता तरी सांगतील. त्यांनी स्लीपरची गोष्ट सांगितली, मंडळी हसली. ट्रॉलीच्या पाइपांची सांगितली. मग म्हणाले, "आज आपला पोरगा रिलीज झाला. उद्या तुमचा व्हईल. प्रवेश चालू हायेत." कुणीतरी हालेलुया म्हणालं.

मग मला बोलावलं. आई पहिल्या बाकावर, डोक्यावर पदर, हात जोडलेले. पप्पा तिच्या शेजारी, मुद्दाम दिवसाची सुट्टी काढून आलेले. माईक माझ्या हातात ओला झाला.

"देवानं मला खेळायला पाय दिले, आणि दादांनी शिकवलं, त्याबद्दल मी आभारी हाय," मी म्हणालो. इथपर्यंत खरं होतं. "पण रिलीज म्हंजे पिक्चरचं न्हाई. क्लबनं मला काढून टाकलंय. त्यालाच रिलीज म्हणतात. मला आधीच सांगायला पायजे होतं. मी घाबरलो."

दादांनी फोनचं काय केलं ते मी बोललो नाही. जिभेवर आलं होतं. पण त्यांची बायको, त्यांच्या मुली समोर बसल्या होत्या, आणि दादा माझ्याकडं असे बघत होते की माझ्याच्यानं झालं नाही. आजही मला कळत नाही की ते मी उपकारापोटी केलं की भीतीपोटी.

मग मागून मावशींचा आवाज आला, त्यांना हळू बोलता येतच नाही, "म्हंजे पिक्चर पडला म्हना की!"

एकदोघं हसले, बाकीच्यांनी त्यांना दटावलं. आणि तेवढ्यात दादा उठून माझ्या शेजारी आले. त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला.

"बघा मंडळी," ते म्हणाले, आवाज भरून आला होता, "एवढ्या लोकांत खरं बोलायला किती हिंमत लागती. असे संस्कार आपल्या अकॅडमीत व्हतात." आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांनी वाजवल्या. पाळकसाहेबांनीही.

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी तो काढला नाही, पण तिथून पुढं मी त्यांचा राहिलो नाही.

जेवण ठरल्याप्रमाणं झालं. एवढं मटण शिजवलेलं, टाकून कोण देणार. लोक हळू आवाजात जेवले, जाताना आईचा हात दाबून गेले, मयताला आल्यासारखे. घरी आल्यावर आई भांड्यांत गुंतली. माझ्याकडं बघितलं नाही. पप्पा खाटेवर बसले.

"मला नीट ऐकू आलं न्हवतं तवा," ते म्हणाले. "इंजिन चालू हुतं. मी बेस झालं म्हनलो. तुला काय वाटलं आसंल."

"मला बरं वाटलं, पप्पा."

"काढून टाकलं आनि मी बेस झालं म्हनतोय." ते मान हलवत राहिले. मग मी त्यांना केरळचं सांगितलं, सगळं, फोनसकट. त्यांनी ऐकून घेतलं, दादांना एक शिवी घातली, लगेच आईकडं बघून "माफ कर बापा" म्हणाले, आणि उठले.

"रातीचा टँकर पुन्याला निघतोय. स्टेशनला सोडतो. बूट घे."

आईनं तेव्हा मागं वळून बघितलं. "आत्ता आला आनि आत्ता चालला," ती म्हणाली. "रिलीज न्हाई तर न्हाई, दोन दिस ऱ्हा की." पण बॅग तिनंच भरून दिली.

केरळच्या कोचनं मला एका संध्याकाळी खेळताना पाहिलं आणि ठेवून घेतलं. फार मोठा क्लब नाही. मी कधी सुरुवातीपासून खेळतो, कधी शेवटी उतरतो. गोल होतात, कधी सलग बरेच सामने एकही गोल होत नाही, तेव्हा झोप उडते. भाषा कळत नाही, भात मात्र भरपूर. गोलकीपर अजून माझा रूममेट आहे. आता माझा नंबर माझाच आहे. फोन वाजला की घाम येतो, पण मीच उचलतो.

दादांचाही येतो. आमचे सामने मोबाईलवर दिसतात, ते एकही चुकवत नाहीत. त्या दुपारबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. परवा म्हणाले, "बॉल मागताना हात वर करतो तू. डिफेंडरला कळतं ना कुठून पळनार ते. हात खाली ठिव, डोळ्यानं माग." त्यांचं बरोबर होतं. मी दुसऱ्या दिवशी सरावाला तसंच केलं आणि मोकळी जागा मिळाली. असा गुरू मला परत मिळायचा नाही, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच जास्त लागतं.

मग त्यांनी विचारलं, "फुडच्या मोसमाचं काय? तिथंच का दुसरीकडं?"

त्याच सकाळी मी इथं आणखी दोन मोसमांसाठी सही केली होती. पप्पांना सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं. पूर्वी असतं तर सहीच्या आधी मी दादांना विचारलं असतं.

"अजून काय ठरलं न्हाई, दादा," मी म्हणालो. "ठरलं की सांगतोच."

हे 'सांगतोच' त्यांचंच होतं. मग त्यांनी विचारलं की तिकडं पाऊस आहे का. मी म्हणालो, आहे.